किती क्षेत्र?

(कृषी सेवा केंद्र. डिसेंबरातली सकाळ. गल्ल्यामागे दुकानदार, त्याच्या डोक्यावर कृषी पदवीची फ्रेम. कोपऱ्यात खताच्या पोत्यावर सासवडकडचा एक शेतकरी टेम्पोची वाट बघत बसलाय. गच्चीवाले हातात काडेपेटी धरून आत येतात.)

गच्चीवाले : मटाराला कीड लागलीय. एकदम जालीम औषध द्या.

दुकानदार : किती क्षेत्र?

गच्चीवाले : म्हणजे?

दुकानदार : एकर, गुंठे, काय असेल ते.

गच्चीवाले : तीन कुंड्या. आणि एक थर्माकोलचा खोका.

(दुकानदार कॅल्क्युलेटर उचलतो, पुन्हा ठेवतो.)

शेतकरी : कोरडवाहू का बागायत?

गच्चीवाले : रोज सकाळी तांब्यानं पाणी घालतो.

शेतकरी : मग बागायतच म्हणायची.

दुकानदार : साहेब, सगळ्यात लहान बाटली 100 मिलीची. तुमच्या खोक्याला त्यातले चार थेंब लागतील.

गच्चीवाले : द्या. उरलेलं पुढच्या वर्षी वापरू.

दुकानदार : तिची मुदत दोन वर्षं. चार थेंबांच्या हिशेबानं ती तुमच्या नातवाला वारसाहक्कानं मिळेल.

गच्चीवाले : ती तांबड्या त्रिकोणाची बाटली कसली? ती जोरात असणार.

दुकानदार : जोरात म्हणजे, तांबडा त्रिकोण अत्यंत विषारीचा. मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य.

गच्चीवाले : हिरवा म्हणजे शाकाहारी ना?

दुकानदार : तो बिस्किटांवर. आणि तो ठिपका असतो. शिवाय फवारल्यावर ठरावीक दिवस शेंग तोडायची नसते, लेबलावर छापलेलं असतं.

गच्चीवाले : छे! आमची नात तर उभ्या उभ्या वेलावरच्याच शेंगा खाते.

दुकानदार : मग बाटलीचं नावच काढू नका. लक्षणं सांगा.

गच्चीवाले : शेंड्याला हिरवे बारीक ठिपके. हात लावला की चिकट लागतं.

शेतकरी : मावा.

गच्चीवाले : नाही हो, मी सुपारीसुद्धा खात नाही.

शेतकरी : तुमचा नव्हं, मटाराचा. रस शोषतो. त्याच्या माद्यांना नरबिर काय लागत नाय, थेट पिल्लं घालतात. आठ-दहा दिवसांत ती पिल्लं आया होतात.

गच्चीवाले : आणि मुंग्याही चढतात. त्यांच्यासाठी मी खडूची रेघ ओढलीय.

दुकानदार : ते बरं केलंत. मावा गोड पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याला गुरासारखा सांभाळतात. आणखी काय काय केलंत?

गच्चीवाले : बरंच. मोबाईलवर येईल ते. आधी हळद टाकली. मग हिंगाचं पाणी. मग लसूण-मिरची वाटून. काल ताक शिंपडलं.

शेतकरी : मोहरी तेवढी ऱ्हायली. कढी झाली असती.

दुकानदार : ताक कशाला?

गच्चीवाले : पानांवर पांढरी पूड दिसली म्हणून.

दुकानदार : ती भुरी. बुरशी आहे, कीड नव्हे. ताकाची आयडिया तेवढी अगदीच टाकाऊ नाही. पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा आहेत का?

गच्चीवाले : आहेत की! मला वाटलं, जातच तशी आहे.

दुकानदार : नागअळी. रेघेच्या टोकाशी पान चिमटीत दाबा, आतल्या आत मरते. फार झाली तर पान तोडा. बरं, त्या काडेपेटीत काय?

गच्चीवाले : (आवाज खाली आणत) आरोपी. खरे शत्रू हेच. शेंड्यांवर मोकाट फिरत होते. काळे, लांबट, पाठीवर नारिंगी ठिपके. पिटुकली मगरच जणू. चार दिवसांत मी यातले चाळीस चिरडले. हे दोन पुरावा म्हणून जिवंत आणलेत.

(दुकानदार काडेपेटी उघडतो. शेतकरी पोत्यावरून उठून येतो. दोघंही गप्प.)

गच्चीवाले : इतकं वाईट आहे का?

दुकानदार : साहेब, ही लेडीबर्डची पिल्लं. ढालकिडा म्हणतात तो.

गच्चीवाले : काहीतरीच! लेडीबर्ड लाल, गोल असते. नातीच्या फ्रॉकवर आहे.

दुकानदार : ती आई. ही तिची पोरं. यातलं एकेक पोर मोठं होईपर्यंत शेकड्यानं मावा खातं.

शेतकरी : म्हंजे चोर सोडला आन् पोलीस चिरडले. चाळीस.

गच्चीवाले : (बराच वेळ काडेपेटीकडे बघून) वर्दी तरी नीट घालायची त्यांनी.

दुकानदार : आता ऐका. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानंही खाली पडतो.

शेतकरी : त्याच्याआधी गंमत बघा. खाली पेपर अंथरा, शेंड्याजवळ तोंड न्या आन् गरम वाफ सोडा. हाऽऽ. टपाटप पडतो. त्याला वाटतं, शेळी पाला खायला आली.

गच्चीवाले : माझ्या तोंडाला तो शेळी समजेल?

शेतकरी : दाढी नसली तरी चालतंय.

दुकानदार : मग निंबोळी अर्क. 50 ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा, चिमूटभर साबण घाला. पानाच्या खालच्या बाजूनं फवारा, तेही संध्याकाळी. उन्हात त्याचा जोर जातो.

गच्चीवाले : आणि शेंगांना जी गोल भोकं पडलीत?

शेतकरी : घाटेअळी. डोकं शेंगेत, बूड बाहेर. तिला जेवताना लाज नाय.

दुकानदार : मोठी झालेली अळी फवारणीला दाद देत नाही. पण तुमच्या क्षेत्रात ती फार तर चार-पाच असेल. हातानं वेचायची.

गच्चीवाले : हातानं? किळसवाणं!

शेतकरी : चिमटा घ्या. मला दीड एकरात चिमटा घेऊन फिरता येत नाय, म्हणून मी कामगंध सापळे लावतो, पक्ष्यांना बसायला काठ्या रोवतो. आमच्या पुरंदरचा मटार जूनला पेरला की गणपतीच्या सुमाराला विकून मोकळा. तरी अळीचा वाटा तिनं काढून घेतलेलाच असतो.

गच्चीवाले : मी मच्छरदाणीच टाकतो वरून. पण मधमाश्या कशा येणार?

दुकानदार : मटाराला लागत नाहीत. फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागीभवन उरकतं. खुशाल टाका. मात्र आधी मावा साफ करा, नाहीतर चोर घरात आणि कुलूप बाहेरून.

गच्चीवाले : एवढी यातायात! तो मेंडेल बघा. 1856 ते 1863, मठाच्या बागेत हजारो झाडं लावली मटाराची. त्याला नाही कीड लागली?

दुकानदार : (फ्रेमकडे बोट दाखवत) परीक्षेत होता तो. आनुवंशिकतेचे नियम त्यानं 1866 साली छापले. त्याच्या बारा वर्षं आधी, 1854 साली त्याचं एक टिपण छापून आलंय. कशावर, सांगा.

गच्चीवाले : कशावर?

दुकानदार : मटारातल्या भुंग्यावर.

शेतकरी : गडी अनुभवी होता.

गच्चीवाले : मग मी विकत काय घेऊ?

दुकानदार : पाव किलो निंबोळी पावडर आणि एक पिवळा चिकट सापळा. उडता मावा, नागअळीची माशी त्याला चिकटते.

शेतकरी : माल किती निघंल तुमचा?

गच्चीवाले : मोजलाय. 41 शेंगा.

शेतकरी : भोकाच्या धरून?

गच्चीवाले : ...धरून.

दुकानदार : (बिल लिहीत) क्षेत्र : कुंड्या तीन, खोका एक. ऐंशी रुपये झाले. सुटे द्या.

(गच्चीवाले पैसे देतात, पिशवी घेतात, काडेपेटी शर्टाच्या वरच्या खिशात टाकतात.)

शेतकरी : ओ काका, खिशात नका ठेवू, दबतील. हातात धरा. दोनच उरलेत.