व्यवसाय : शेती

2014 सालची गोष्ट. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिलेले ब्रूस ब्रेली पेशानं वकील. देणग्या गोळा करायला ते टेक्सासला गेले. समोर सगळी वकील मंडळी, तेव्हा जातभाईंत बोलावं तसं मोकळेपणानं बोलून गेले : रिपब्लिकनांना बहुमत मिळालं तर सिनेटच्या न्यायविषयक समितीवर अध्यक्ष म्हणून कोण बसेल ठाऊक आहे ना? लॉ कॉलेजची पायरीही न चढलेला आयोवाचा एक शेतकरी! चित्रफीत बाहेर आली. त्यातच सुट्टीतल्या घराशेजारी राहणाऱ्यांच्या कोंबड्यांवरून ब्रेली कुटुंबाचं वाजल्याचं प्रकरण गाजलं. शेतकऱ्याला हिणवायचं आणि वर कोंबड्यांशी वैर धरायचं, एवढ्या भांडवलावर तिथे ग्रामपंचायतही हाती लागत नाही. प्रतिस्पर्धी जोनी अर्न्स्ट यांनी जाहिरातीत सांगितलं, मी शेतावर डुकरं खच्ची करत वाढले, वॉशिंग्टनच्या उधळपट्टीचं काय करायचं ते मला बरोबर कळतं. त्या जिंकल्या.

आणि जानेवारी 2015 मध्ये तो शेतकरी, म्हणजे चक ग्रासली, खरोखरच न्यायविषयक समितीचा अध्यक्ष झाला. पुढच्या वर्षी ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी मेरिक गार्लंड यांचं नाव सुचवलं, तर ग्रासलींनी सुनावणीच घेतली नाही. सुनावणी न घ्यायला वकिलीची पदवी लागत नाही.

आता या शेतकऱ्याचा सातबारा पाहू. जन्म 1933. राज्यशास्त्रात एम.ए. काही वर्षं पत्र्याचं काम, मग दहा वर्षं कारखान्यात असेंब्ली लाइनवर. जोडीला शेती, आणि या सगळ्याच्या जोडीला राजकारण. राज्याच्या विधिमंडळात ते 1959 मध्ये शिरले. त्याच वर्षी ख्रुश्चेव्ह आयोवातल्या कून रॅपिड्स गावी मक्याचं शेत बघायला आले होते आणि आपला महाराष्ट्र अजून जन्मायचा होता. शरद पवार पहिल्यांदा बारामतीतून आमदार झाले ते 1967 साली, म्हणजे या गृहस्थांपुढे तेही कनिष्ठ. 1975 ला प्रतिनिधिगृह, 1981 ला सिनेट, आणि अजून तिथेच. 2022 मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी पुन्हा निवडून आले. ही मुदत संपेल तेव्हा वय पंचाण्णव असेल. दरम्यान नातू पॅट राज्याच्या प्रतिनिधिगृहाचा सभापती झाला. यावर आपण घराणेशाही म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. मधली पिढी गाळून थेट नातवावर येण्याइतका संयम आपल्याकडच्या कोणत्या घराण्यानं दाखवलाय?

मतदारांना भुरळ पडते ती साधेपणाची, आणि तो साधेपणा खोटा नाही, हीच तर पंचाईत आहे. आयोवात 99 काउंट्या. सिनेटर दरवर्षी एकूण एक काउंटीत जातात, चार दशकं हा नेम चुकलेला नाही. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारानंसुद्धा 99 पुऱ्या केल्या की त्यानं ‘पूर्ण ग्रासली’ केली असं तिथे म्हणतात. 1993 पासून 2020 पर्यंत सिनेटमधल्या सलग 8,927 मतदानांना हजर. ही साखळी तुटली ती करोनामुळे. अंगणातलं गवत कापायला त्यांनी एका मोवरला आणखी दोन मोवर जोडून घेतलेत. त्याला आपल्याकडे जुगाड म्हणतात आणि तिथे चारित्र्य. ट्विटरवर ते स्वतःच लिहितात, शुद्धलेखनाला न जुमानता. 2012 मध्ये गाडीखाली हरीण आलं तेव्हा हरीण मेलं असं गृहीत धरावं, असं त्यांनी देशाला तारेच्या भाषेत कळवलं. सत्तर गाड्यांचा ताफा घेऊन शेतकऱ्याच्या बांधावर जाणारे आपले नेते हा माणूस पाहून गोंधळात पडतील. ताफ्याशिवाय हा निवडून येतो कसा?

येतो मक्यावर.

आयोवात माणसं 32 लाखांच्या आसपास, पुणे शहरात मावतील एवढीच. डुकरं दोन कोटींच्या वर, म्हणजे माणशी सातेक. आणि मका इतका की अमेरिकेत पहिला नंबर. हा मका कणसं भाजून खाण्याचा नव्हे. निम्म्याहून जास्त इथेनॉलच्या कारखान्यात जातो, उरलेला बराचसा डुकरांच्या पोटात. माणूस या साखळीत पेट्रोल भरताना येतो. 2005 च्या कायद्यानं तेलकंपन्यांना पेट्रोलमध्ये जैवइंधन मिसळायची सक्ती केली, 2007 मध्ये ती वाढवली, आणि मक्याच्या इथेनॉलची मर्यादा वर्षाला 15 अब्ज गॅलनपर्यंत नेऊन ठेवली. बाजार मुक्त असावा, सरकारनं लोकांच्या खिशात हात घालू नये, हे रिपब्लिकन पक्षाचं तत्त्व आयोवाच्या सीमेपर्यंत कडक पाळलं जातं. सीमेच्या आत मोटारीनं किती मका प्यावा हे सरकार ठरवतं आणि त्याला ग्रामीण मूल्यं म्हणतात.

यात ग्रासली एकटे नाहीत. अनेक वर्षं अध्यक्षपदाची शर्यत आयोवातून सुरू होत असे, त्यामुळे व्हाइट हाऊसचं स्वप्न पाहणारा प्रत्येक जण आधी इथेनॉलचं तीर्थ घेऊन जाई. अल गोर यांनी 1994 मध्ये उपाध्यक्ष म्हणून सिनेटमधली बरोबरी इथेनॉलच्या बाजूनं फोडली. 2010 मध्ये कबुली दिली की धोरण चुकलंच, पण निवडणूक लढवायची होती आणि आयोवाच्या शेतकऱ्यांविषयी जिव्हाळा दाटून आला होता. जिव्हाळ्याला सोळा वर्षांनी उतार पडला.

वाऱ्याची गोष्ट आणखी मजेची. पवनऊर्जेला करसवलत देणारी तरतूद ग्रासलींनीच 1992 मध्ये आणली. आज आयोवाची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर तयार होते आणि पवनचक्कीच्या भाड्यावर कित्येक शेतकरी तग धरून आहेत. 2019 मध्ये ट्रम्प म्हणाले, पवनचक्क्यांच्या आवाजानं कर्करोग होतो. ग्रासलींनी त्याला मूर्खपणा म्हटलं, तेही उघडपणे. पुढे 2025 मध्ये ट्रम्प यांचं ‘मोठं सुंदर’ विधेयक आलं, त्यात या सवलतीचा गळा आवळायचं ठरलं होतं. ग्रासलींनी फास थोडा सैल करून घेतला, आणि मग विधेयकाच्या बाजूनं मत दिलं. बापानं मुलाला आणखी बारा महिने मागून घेतले, असं फार तर म्हणता येईल.

न्यायाचं बोलायचं तर एका गोष्टीसाठी त्यांना मानलंच पाहिजे. शेती अनुदानाला मर्यादा हवी, धनदांडग्यांनी ते ओरपू नये, हे ते वर्षानुवर्षं सांगत आलेत. 2018 च्या शेती विधेयकात अनुदानाची दारं चुलत-मावस भावंडं, पुतणे आणि भाच्यांपर्यंत उघडली गेली, म्हणून त्यांनी आपल्याच पक्षाच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं. ते मंजूर झालंच. पुतण्यांपुढे कोणाचं चाललंय! त्याच वर्षी चीननं सोयाबीन घेणं थांबवलं, सरकारनं शेतकऱ्यांना भरपाई जाहीर केली, तेव्हा आपणही अर्ज करणार असं ग्रासलींनी सांगून टाकलं. फुकट खाऊ नये, पण पंगतीत बसलोच आहोत तर पान रिकामं कशाला ठेवायचं?

शेतकरी जपला, असं मात्र आकडे म्हणत नाहीत. ते सिनेटमध्ये गेले त्या सुमाराला आयोवात डुकरं पाळणारी शेतं चाळीस हजारांहून जास्त होती, आता सहा हजारांच्या आत आहेत. डुकरं मात्र वाढली. त्यांचं मलमूत्र आणि मक्याचं खत नदीत उतरतं, म्हणून राजधानी डे मॉइनला पाण्यातलं नायट्रेट काढायला 1990च्या दशकापासून खास यंत्रणा चालवावी लागते. 2015 मध्ये तिथल्या पाणीपुरवठा संस्थेनं वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांतल्या निचरा मंडळांवर दावा लावला, 2017 मध्ये तो फेटाळला गेला. 2025 च्या जूनमध्ये नायट्रेट इतकं चढलं की लोकांना हिरवळीला पाणी घालायची बंदी झाली. तीन मोवर एकत्र बांधणाऱ्याला हा विषय जवळचा वाटायला हवा होता. पण मक्याच्या खतावर कायदा आणला तर 99 काउंट्यांत चहा कोण पाजणार?

आता हा मका आपल्या दाराशी उभा आहे. 140 कोटींचा देश आमचा एक बुशेलभर मका घेत नाही, अशी तक्रार अमेरिकेचे व्यापारमंत्री लुटनिक यांनी 2025 मध्ये केली. आपण जनुकबदल केलेला (जीएम) मका नको म्हणतो, आणि त्याच वेळी पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळून बसलो आहोत. 2023 च्या डिसेंबरात केंद्रानं उसाच्या रसावर लगाम घातला तेव्हा साखर कारखानदार कळवळले आणि मक्याचं नशीब उघडलं. मका महागला, कोंबडीवाले ओरडले. आयोवानं वीस वर्षांपूर्वी गिरवलेला धडा आपण भलताच वेगानं पाठ केला. ग्रासली उद्या इकडे आलेच, तर सहकारमहर्षींशी बोलायला त्यांना दुभाषा लागणार नाही. फक्त आपल्याकडे शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं हे कळल्यावर त्यांचा चहा थंड होईल.

त्यांचा मका बंदरात उतरला, तर भाव पडेल तो जालना, नाशिक, जळगावच्या मका उत्पादकाचा. तक्रार घेऊन तो आमदाराकडे जाईल. आमदार त्याला समजावतील की पलीकडचा माणूसही आपल्यासारखा शेतकरीच आहे बाबा. ‘आपल्यासारखा’ म्हणताना त्यांची नजर प्रतिज्ञापत्रातल्या व्यवसायाच्या रकान्यावर असेल, त्याच्या शेतावर नसेल.