पॉझचं बटण

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या चिमुकल्या स्टुडिओने २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, जमले नाहीत. तरी नेटाने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनही मिळवलं. लातूर-नांदेडला त्याचं काय कौतुक? तीन वर्षं म्हणजे आमच्याकडे बारावीनंतरचं रिपीट, पुन्हा रिपीट आणि वर थोडं रडणं.

शिवाय आमचा गेम कधीचाच बाजारात आहे. नाव नीट. प्रश्न १८०, गुण ७२०. बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा. लाइफ संपली की नवी फी भरून पहिल्या लेव्हलपासून. पैसे उभे करायला वेबसाइट लागत नाही, बापाचं रान पुरतं. अपडेट चौकातल्या फ्लेक्सवर येतात: टॉपरचा फोटो, गळ्यात हार, खाली क्लासचा नंबर. पोरगं व्यसनी झालं म्हणून इथं कुणाचा बाप ओरडत नाही, उलट पेढे वाटतो.

एकच फीचर राहून गेलंय, पॉझचं बटण. एका पोराने मागितलं होतं म्हणे; सरांनी त्याला रविवारची जादा टेस्ट लावली.