मत हवंय? कंपनी काढा!

अमेरिकी लोकशाहीच्या काटेकोरपणाला दाद द्यावी तेवढी थोडीच. ग्रीन कार्डावर राहणाऱ्या माणसाकडून ती प्राप्तिकर न चुकता घेते. दर दहा वर्षांनी जनगणनेत त्याचं डोकं मोजते आणि त्या हिशेबानं राज्यांना प्रतिनिधिगृहातल्या जागा वाटते. अठरा ते पंचवीस वयाचा पुरुष असेल, तर सक्तीच्या लष्करभरतीच्या यादीतही नाव नोंदवायला लावते. फक्त मतदानाचा त्रास त्याला देत नाही. तासावर राबणाऱ्या नागरिकांचीही तितकीच काळजी: मतदान मंगळवारी, आणि केंद्र सरकारची सुट्टी नाही!

न्यूयॉर्क शहरानं अशा बिगरनागरिकांना पालिका निवडणुकीत मताधिकार देण्याचा आगाऊपणा केला होता. 2025 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो मोडून काढला. मत म्हणजे काय खिरापत आहे?

पण वाट बंद नाही. डेलावेअरमधल्या फेनविक आयलंड या टुमदार गावानं 2008 मध्ये सनद बदलून मालमत्ताधारक कंपन्यांना मताधिकार दिला. त्याच राज्यातल्या न्यूअर्कमध्ये 2018 च्या सार्वमतात एका गृहस्थांनी आपल्या कंपन्यांच्या वतीनं एकट्यानं 31 मतं टाकली. पुढे कोत्या मनाच्या गावकऱ्यांनी नियम बदलला, ते सोडा.

तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या जोशी-कुलकर्ण्यांनी नागरिकत्वाच्या रांगेत ताटकळू नये. डेलावेअरात कंपनी काढावी, फेनविक आयलंडमधलं समुद्रकाठचं घर तिच्या नावावर करावं. मतदानाच्या दिवशी कंपनी मानानं आत जाईल. मालकांनी बाहेर तिच्या चपला सांभाळाव्यात.