पणजी चालेल, आजी नको

मुलीला जुन्या वळणाचं नाव ठेवण्याची सध्या लाट आहे. काही वर्षांपूर्वी बालवाडीच्या हजेरीत कियारा, मायरा, समायरा ओळीनं बसत आणि बाईंनी एकीला हाक मारली की चौघी उठत. त्या गर्दीला विटलेल्या आईबापांनी आता मोर्चा मागे वळवला आहे. त्यांना जिजा हवी, येसू हवी, मुक्ता, रमा, जनाई हवी. अट एकच, ते नाव घरातल्या कुणाही हयात बाईचं नसावं.

अट किती कडक आहे ते पाहायचं तर वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याला यावं. घर कुठलंही समजावं. मुंबईचा चाकरमानी मुलगा बाळ-बाळंतिणीला घेऊन गावी उतरतो आणि ओटीवर बारशाची गजाल सुरू होते. आजी विचारते, ‘‘चेडवाचा नाव काय ठरयलास?’’ मुलगा सांगतो की जुनं हवं, आपल्या मातीतलं. आजीचा चेहरा खुलतो. ती आपल्या सासूचं नाव सुचवते, शेवंती. मुलगा गप्प. मग आतेसासूचं, सत्यभामा. मुलगा सुनेकडे बघतो. आजी जरा लाजत स्वतःचं सुचवते, मंदाकिनी. सून अतिशय अदबीनं म्हणते, ‘‘आई, नाव छानच आहे, पण फार लांब होतं. उद्या ती परदेशात शिकायला गेली तर तिथं कुणाला उच्चारता यायला हवं ना.’’ चेडू अजून मान धरत नाही, पण तिच्या व्हिसाची काळजी पाळण्याला टांगलेली आहे. आजी एवढंच म्हणते, ‘‘मगे चेडवाक थयच जन्माक घालूचा होता.’’

मातीतलंच हवं असेल तर या पट्ट्यात तुटवडा नाही. शिरोड्याची ग्रामदेवता माऊली. आजूबाजूच्या गावांत सातेरी, भगवती, पावणाई नांदतात. त्यांतली सातेरी तर वारुळाच्या रूपात पुजली जाते, म्हणजे तिच्याइतकं मातीतलं नाव शोधून सापडणार नाही. सुनेला सातेरी सुचवून पाहावी. देवीला ती मनोभावे हात जोडेल, खण-नारळ देईल, आणि पाळण्यात मात्र ‘आर्या’ घालेल.

जुन्या नावांचा आग्रह धरणाऱ्यांना सहसा एक गोष्ट ठाऊक नसते. ती नावं जेव्हा ठेवली गेली, तेव्हा त्यांतली बरीच अगदी ताजी फॅशन होती. देवलांचं ‘शारदा’ नाटक १८९९ चं, गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली सिंधू १९१९ ची. पुढे घराघरांत ज्या शारदा आणि सिंधू दिसल्या, त्यांना नाटक पाहून आलेल्या बापांचा हातभार नव्हता असं कोण म्हणेल? मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या थोरल्या मुलीचं, १९२९ साली जन्मलेल्या बाळाचं, नाव आधी हेमा होतं. गडकऱ्यांच्याच ‘भावबंधन’मधल्या लतिकेवरून ती लता झाली. आज लता हे नाव सुचवलं तर तरुण आईबाप म्हणतात, ‘‘नको, फार आजीसारखं वाटतं.’’ हेमाही नको, ती मावशीसारखी वाटते.

शिरोड्यानंही या बाजारात आपला माल उतरवलेला आहे. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात इथल्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिकवत होते. त्याच मुक्कामात, १९३४ साली, त्यांची ‘उल्का’ ही कादंबरी आली. कुठल्याही पणजीनं अशुभ म्हणून ज्याच्यावर बोटं मोडली असती, ते नाव खांडेकरांनी नायिकेला दिलं आणि पुढे ते मराठी घरांत रुळलंही. स्वतः खांडेकर जन्माचे गणेश आत्माराम. दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. नाव बदललं म्हणून त्यांचं काही अडलं नाही. १९७४ चं ज्ञानपीठ त्यांनी दुसऱ्या नावावरच घेतलं.

तेव्हा जुनेपणाचा हिशेब असा. आईचं नाव म्हणजे रेशनकार्ड, आजीचं नाव म्हणजे पेन्शनचं पासबुक आणि पणजीचं नाव म्हणजे वारसा. मिठातल्या कैरीसारखं नावालाही मुरायला वेळ द्यावा लागतो. ते धारण करणारी बाई भिंतीवरच्या तसबिरीत गेली, तिला ओळखणारेही गेले, की नाव सुंदर होतं. या नियमानं सुनंदा, सुलभा आणि शैलजा यांनी आणखी पन्नासेक वर्षं धीर धरावा. त्यांची पाळी येईल.

त्यातही निवड पणजीच्या आठवणीतून होत नाही, पडद्यावरून होते. २०१२ मध्ये ‘उंच माझा झोका’ मालिकेनं रमाबाई रानडे घरोघरी नेल्या आणि रमा पुन्हा गोड वाटू लागली. २०१९ मध्ये ‘आनंदी गोपाळ’ चित्रपट आला आणि आनंदी हे नाव आठवलं. गंमत अशी की या दोघींची आईबापांनी ठेवलेली नावं ही नव्हतीच. कल्याणच्या जोश्यांच्या घरी १८६५ साली जन्मलेली, पुढे १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झालेली मुलगी माहेरची यमुना. गोपाळरावांशी लग्न झाल्यावर ती आनंदी झाली. १८७३ साली महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झालेली कुर्लेकरांची मुलगीही यमुनाच. सासरी ती रमा झाली. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. लग्नात तांदळाच्या ताटात नवरदेवानं अंगठीनं नवं नाव लिहायचं आणि मुलीनं जुनं नाव उंबऱ्याबाहेर सोडायचं, अशी रीत. आज हौसेनं घेतली जातात ती ताटातली नावं. दोन दोन यमुना इतिहासात उभ्या आहेत, पण यमुनेला कुणी उचलत नाही.

सासूचं नाव नातीला ठेवलं जाई तेव्हाही पंचाईत व्हायचीच. सासूच्या नावानं कारटीला ओरडायचं कसं? म्हणून पाळण्यातलं नाव कागदावर राही आणि घरात ती नुसती बाय, माई किंवा आक्का होई. कित्येक आज्यांची खरी नावं नातवंडांना कळली ती बँकेच्या केवायसीच्या वेळी.

आणि जुनं म्हणजे सगळंच गोजिरवाणं, हाही भ्रम. आधीची मुलं दगावली की पुढच्या लेकराला दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू म्हणत. धोंडूताई कुलकर्णींनी त्याच नावानं जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी जपली, पण धोंडू हे नाव कुठल्याही हौशी यादीत दिसत नाही. मुलीच मुली झाल्या की ‘नकुसा’ ठेवत. हे काही पेशवाईतलं नव्हे. सातारा जिल्हा परिषदेनं २२ ऑक्टोबर २०११ रोजी समारंभ करून अशा २८५ मुलींची नावं बदलली. नवं नाव मुलींनी स्वतः निवडायचं होतं. त्यांतल्या काहींनी ऐश्वर्या निवडलं. परंपरेचं कौतुक त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. परंपरेनं त्यांना काय म्हटलं होतं, तेवढं त्यांना माहीत होतं.

जुनं नाव ठेवू नये असं मुळीच नाही. फक्त ते ठेवताना ‘आम्ही मुळांकडे परत चाललो आहोत’ ही घोषणा आवरती घ्यावी, कारण मूळ ओटीवर तांदूळ निवडत बसलेलं असतं आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. शेवंती नको असेल तर सरळ नको म्हणावं, उगाच उच्चारशास्त्र काढू नये. शेवंती म्हणायला सोपं आहे.

शिवाय घाई कुठं आहे? जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव नंतर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा हाच दाखला लागणार आहे, त्यामुळे एकदा लिहिलेलं जपून लिहावं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. म्हणजे आईचं नाव पहिल्यांदाच रीतसर रांगेत आलं. आजीसाठी अर्जात रकाना नाही. तेवढं काम घरीच करता येईल. बारशाच्या आधी तिच्या शेजारी बसावं आणि तिचं माहेरचं नाव काय होतं, ते विचारून घ्यावं.