गाजराची बदली

गाजराला बदली मान्य नाही. तशी ती सरकारी नोकरालाही नसते. पण तो मुंबईला चकरा मारतो, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडतो आणि शेवटी गुमान रुजू होतो. गाजर मात्र कुरकुर न करता पहिल्याच दिवशी रुजू होतं, वर पाला हिरवागार ठेवतं, हजेरी चोख लावतं आणि जमिनीखाली आपल्याला हवं तेच करतं.

हे आमच्या शेजारच्या काकाजींना पटवण्यात माझा अख्खा हिवाळा गेला. काकाजी महसूल खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांचे सातबारे पाहिले. स्वतःच्या वाट्याला यवतमाळात घरामागे चार वाफ्यांची काळी जमीन आली. मे महिन्यात ते साळ्याकडे उमरखेडला गेले आणि तिथून बिघडून आले. उमरखेड-महागाव हा आपल्या जिल्ह्यातला हळदीचा पट्टा. साळ्यानं हळदीचं बेणं थेट सरीत न लावता एकेका डोळ्याचे तुकडे करून कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये उगवायला ठेवलं होतं. महिना-सव्वा महिन्यानं रोपं शेतात जाणार. बेणं निम्म्याहून कमी लागतं आणि न उगवलेला तुकडा ट्रेमध्येच कळतो. यात खोट काढण्यासारखं काही नाही.

खोट पुढे निघाली. ‘‘हळद जमिनीतली, गाजरबी जमिनीतलं,’’ काकाजी म्हणाले. ‘‘मंग नियम दोघायले एकच.’’

आता हळद हे मूळ नव्हेच, ते जमिनीत आडवं वाढणारं खोड. डोळा शाबूत असला की कुठेही न्या. गाजर म्हणजे निव्वळ सोटमूळ. त्याची सारी मिळकत एका टोकावर. हे मी सांगितलं. त्यावर काकाजींनी कपाशी काढली. नांग्या भरायला लोक कपाशीची रोपं पिशवीत तयार ठेवतात, तिलाही सोटमूळच आहे की नाही? आहे. पण काकाजी, कपाशीचं मूळ कोणी किसत नाही!

ट्रे आणायला पैसे पडतात म्हणून दत्त चौकातल्या टपरीवरून चहाचे कागदी कप आले, वापरलेले. काकूंनी ते धुतले, तरी तळाची साखर राहिलीच आणि गाजराआधी मुंग्या उगवल्या. बी ‘पुसा केसर’चं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं हे वाण देशी लाल गाजर आणि परदेशी नॅन्टिस यांच्या संकरातून आलेलं. म्हणजे बदलीची सवय घराण्यातच आहे, असं काकाजींचं म्हणणं. गाजराचं बी जात्याच आळशी, दहा-पंधरा दिवस डोकं वर काढत नाही. त्यात आपला ऑक्टोबर. काकाजींनी कपांवर ओला बारदाना टाकला आणि एक रजिस्टर उघडलं: कप क्रमांक, पेरणी, उगवण, शेरा.

पहिला कप फाडला तेव्हा मी समोर उभा होतो. वर बोटभर पाला. खाली दोऱ्यासारखं पांढरं मूळ कपाच्या तळाला टेकलेलं, तिथून काटकोनात वळून कडेकडेनं गोल प्रदक्षिणा घालून परत आलेलं. काकाजींनी ते चिमटीत धरून हळूच ओढत सरळ केलं. टोक त्यांच्या नखाला चिकटून राहिलं. त्यांनी नख धोतराला पुसलं आणि रोप लावलं.

वाफ्याच्या दुसऱ्या बाजूला कांदा होता, ‘अकोला सफेद’. त्याचं रोप सहा-सात आठवड्यांचं उपटावं, जुडी बांधावी आणि बसच्या टपावरून आणलं तरी लागतं. बिटाचंही तसंच. त्याचं एक बी म्हणजे खरं तर बियांचा झुबका. एकाच्या जागी दोन-तीन रोपं निघतात आणि विरळणीत उपटलेलं शेजारी खोचलं तरी तग धरतं. या दोघांमुळे काकाजींचा आत्मविश्वास वाढला, हे वाईट झालं.

नोव्हेंबरच्या लॉटसाठी मी कापडाच्या दुकानातून तागे गुंडाळायचे पुठ्ठ्याचे नळे आणून दिले. वीतभर कापायचे, मातीनं भरायचे, त्यातच पेरायचं आणि मूळ तळाला पोचायच्या आत नळ्यासकट जमिनीत गाडायचे. गाजराला हलवायचंच असेल तर असं क्वार्टरसकट हलवावं. काकाजींनी एक वाफा तसा केला, पण नाराजीनं. त्यात रजिस्टरच्या रकान्यांना काम उरत नव्हतं.

जानेवारीत कपातली गाजरं निघाली. बहुतेकांना दोन पाय, काहींना तीन. एक तर पायावर पाय टाकून बसलेलं. अर्धा दोष आपल्या काळ्या जमिनीचाही; ढेकूळ आड आलं की थेट पेरलेलं गाजरसुद्धा फाटे फोडतं, त्याला भुसभुशीत रेताड माती लागते. पण काकाजींना दोष दिसलाच नाही. ‘‘एका रोपाले दोन-दोन गाजरं लागून राह्यली, बाबू! उत्पन्न डबल!’’

नळ्यातली सरळसोट निघाली. काकूंनी दोन्ही ढीग एकत्र करून घमेल्यात टाकले, धुतले आणि किसणी घेऊन बसल्या. काकाजी ओरडले, ‘‘अवो, वेगवेगळे ठेव ना! नोंद बाकी हाय!’’

‘‘किसल्यावर कोनाले किती पाय होते, ते कोन पाह्यते?’’ काकूंनी मान वर न करता विचारलं.

काकाजींनी मग घाईघाईनं घमेल्यातलं उरलेलं एक दुपायी गाजर उचललं, पट्टीनं दोन्ही पाय मोजले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘द्विशाखी. खाण्यास हरकत नाही.’ खाली सही केली, तारीख घातली आणि गाजर काकूंकडे पुढील कार्यवाहीस्तव दिलं.