एडिटरशेठ

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भातवाले, वीटभट्टीवाले आणि फार्महाउसवाले पूर्वीपासून आहेत. अलीकडे त्यांत एका नव्या वाणाची भर पडली आहे: एडिटरशेठ. वय पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे, पदवी कॉम्प्युटरची, लॅपटॉप सेकंडहँड. शहापूरचा असेल तर आसनगावहून लोकल पकडतो. मुरबाडचा असेल तर कल्याणपर्यंत एसटीत उभा राहतो आणि 'आपल्याकडे रेल्वे कधी येणार' यावर बोलतो. पोटभेद काय तो एवढाच. बाकी दोघांचा ध्यास एक: कोड लिहायला व्हीएस कोड सोडून दुसरं काय वापरावं?

"का? व्हीएस कोडला काय झालं?" असं त्याला चुकूनही विचारू नये. आसनगावला विचारलंत, तर ठाण्यापर्यंत सुटका नाही. मायक्रोसॉफ्टने 2015 साली आणलेला हा एडिटर इलेक्ट्रॉनवर चालतो, म्हणजे त्याच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर बसलेला. शेठच्या 4 जीबी रॅमवर तो उघडला की पंखा असा ओरडतो की आई आधी मिक्सर चालू राहिला का ते बघून येते. शिवाय हा एडिटर फुकट, आणि वापराची माहिती कंपनीकडे पाठवतो. इथे शेठचा तालुका जागा होतो. भातसा, तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यावर टँकर येतो, हे बघत वाढलेल्या माणसाला 'आपल्याकडून गुपचूप काय काय जातं' याचा वास लवकर येतो. म्हणून त्याने व्हीएसकोडियम टाकला. कोड तोच, माहिती पाठवणं तेवढं काढून टाकलेलं. पण मायक्रोसॉफ्टची काही एक्स्टेन्शनं तिथे चालेनात, आणि पंखा होता तसाच ओरडत राहिला.

मग विम. ब्राम मोलेनार या डच माणसाने 1991 साली लोकांच्या हाती दिलेला. उघडताच पहिल्या पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करण्याची विनंती दिसते. शेठ गहिवरला. पण बाहेर कसं पडायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी नेहमीप्रमाणे वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच होती, आणि सुटका झाली. दुसऱ्या दिवशी तीच फाइल उघडली तर विमने स्वॅप फाइल जपून ठेवली होती. "बघ, एक अक्षर वाया गेलं नाही!" शेठ म्हणाला. अक्षर मुळात एकच होतं, पण ते खरोखरच वाया गेलं नव्हतं.

ईमॅक्स 1976 सालचा. त्यात टेट्रिस आहे हे कळल्यावर पुढचा अभ्यास थांबला. ॲटम आवडला, तर गिटहबने डिसेंबर 2022 मध्ये तो बंदच केला. ॲटम बनवणाऱ्यांपैकीच काहींनी पुढे रस्ट भाषेत झेड बनवला. तो वेगवान खरा, पण शेठच्या जुन्या ग्राफिक्स चिपने हात वर केले. सब्लाइम टेक्स्ट हलका आणि देखणा, पण लायसन्स घ्या म्हणून मधूनमधून आठवण करतो, आणि उधारीची आठवण शेठला घरातही चालत नाही.

म्हशाच्या यात्रेत एक गडी दरवर्षी दिसतो. प्रत्येक बैलाचे दात बघतो, पाठीवर थाप मारतो, भाव विचारतो आणि रिकाम्या दाव्यानिशी घरी परततो. शेठचंही तसंच चाललं आहे. किन्हवलीच्या काकांना तांदळाची वेबसाइट करून द्यायचं कबूल करून बसलाय. काका फोन करतात, "बाबा, कुठवर आलं?"

"काका, फॉन्ट ठरतोय."

"कसला?"

"वेबसाइटचा नाही हो, एडिटरचा. शून्य आणि ओ वेगळे ओळखू आले पाहिजेत."

काकांनी तांदूळ व्हॉट्सॲपवर विकून टाकला.

तरीही शेठला हसून मोकळं होऊ नका. तालुक्याच्या कॉलेजात पोरं अजून टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर सी शिकतात, आणि पुढे काय वापरायचं हे त्यांना धड कोणी सांगत नाही. ती पोरं शेठकडे येतात. तो रॅम विचारतो, प्रोसेसर विचारतो, घरी वीज किती वेळ असते तेही विचारतो, आणि मग सांगतो: "4 जीबी ना? जीनी टाक, नाहीतर नोटपॅड प्लस प्लस. 8 जीबी असेल तर व्हीएस कोडच वापर, नोकरीत तोच भेटेल. थीम बदलत बसू नकोस." सल्ला शंभर टक्के बरोबर. पोरं त्याप्रमाणे वागतात, कामाला लागतात. तो सल्ला पाळत नाही असा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच.

तेव्हा एडिटर निवडायचा असेल तर शेठला जरूर भेटा, चहा पाजा, त्याचं नीट ऐकून घ्या. वेबसाइट मात्र दुसऱ्याकडून करून घ्या.