फळी वर गेली

किल्लेधारूरला राहणाऱ्याचा भिंतींवर फार विश्वास असतो. सोळाव्या शतकात आदिलशाहीतल्या किश्वरखानाने बांधलेले बुरूज बालाघाटाच्या दरीकडे तोंड करून अजून मिशीला पीळ देत उभे आहेत. दगडांना काही झालेलं नाही. गेला तो दोन दगडांमधला चुना, तोही पावसाळ्यांशी संगनमत करून, कुणाला न कळवता.

आमच्या आत्याबाईंच्या हाडांतला चुना असाच गेला. त्यांना एवढंच कळलं, की स्वयंपाकघरातली फळी वर गेली आहे. "ही फळी कुणी वर ठोकली रं?" असं त्या घरातल्या एकेका पुरुषाला विचारत. आम्ही शपथा घ्यायचो. मग लोणच्याची बरणी खालच्या फळीवर आली, पाठोपाठ डाळीचे डबे आले आणि हळूहळू अर्धा संसार खाली उतरला. पाठीला आलेल्या बाकाला आम्ही वय म्हणत होतो. पाहुणे तर त्याला नम्रता समजत.

एक दिवस घागर उचलताना कळ आली. बाम झाला, शेक झाला, शेवटी एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाडं विरळ होऊन मणका दबलाय. म्हणजे फळी वर गेली नव्हती, आत्याबाई खाली आल्या होत्या. साध्या एक्स-रेत हाडांची विरळता दिसू लागते तीच मुळी जवळपास तिसरा हिस्सा गेल्यावर. खरं मोजमाप डेक्सा यंत्राचं. ते बाईच्या हाडांची तुलना थेट तिशीच्या आसपासच्या तरुणीशी करतं, आणि आकडा उणे अडीच किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतं. आत्याबाईंना ही पद्धत अजिबात पटली नाही. "मी तिशीची होते तवा कुणी मोजायला आलं न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या.

औषध मात्र रसिक माणसाने शोधलं असावं. आठवड्यातून एक गोळी; सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. वाकलेल्या पाठीच्या बाईला ताठ बसायची शिक्षा, आणि त्या अर्ध्या तासात चहा बंद! आत्याबाई उंबऱ्यावर बसून चुलीकडे अशा बघत, की बघणाऱ्याला चहाचीच दया यावी. बाकी पथ्य घरातलंच होतं: तीळ, दूध, नाचणी, रोजचं चालणं आणि ऊन. धारूरला उन्हाची टंचाई कधीच नव्हती. आत्याबाईच जन्मभर पदर ओढून त्याच्यापासून लपल्या.

तरी त्यांची पाळी निदान पन्नाशीपर्यंत टिकली, तोवर हाडांना निसर्गाची सोबत होती. आमच्या तालुक्यातून दरवर्षी कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ऊसतोडीला जातात. पाळीमुळे कामात खाडा नको, त्याचा दंड नको म्हणून तरुण वयात गर्भपिशवी काढलेल्या बायकांची चर्चा 2019 साली विधिमंडळापर्यंत गेली. पिशवीबरोबर बीजकोशही निघाले, तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं आणि हाडांची झीज वेगाने सुरू होते. डोक्यावर मोळी, आणि खाली विरळ होत जाणारा कणा. इथे मला विनोद सुचत नाही.

तुमच्या घरात, गल्लीत, फडावर अशी कुणी असेल, तर तिच्या ऑपरेशनचा कागद शोधून काढा. बीजकोश ठेवले की काढले, हे डॉक्टरांकडून वाचून घ्या आणि हाडांची तपासणी आताच करायची का, हेही विचारा.